कायबाबचं हरीण कुणाच्या वाट्याचं? ॲरिझोनातल्या शिकारी सोडतीचं प्रकरण

२००४ साली ॲरिझोनातल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने राज्याच्या वन्यजीव आयोगाचा एक नियम थांबवला. एल्क या सांबरासारख्या जनावराच्या नरांच्या आणि कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडच्या शिंगवाल्या हरणांच्या शिकारीसाठी दरवर्षी सोडत निघते. तिच्यातले दहा टक्क्यांहून जास्त परवाने परराज्यातल्यांच्या हाती जाऊ नयेत, असा तो नियम. वर्षभराच्या आत अमेरिकी संसदेने कायदा केला आणि नियम पुन्हा उभा राहिला. न्यायालयातली लढाई परराज्यातल्यांनी जिंकली, जनावरं मात्र स्थानिकांच्या वाट्यालाच राहिली.

सोडतीबद्दल यात कुणाचीच तक्रार नव्हती. संगणकाने आकडे नीट पाडले नाहीत किंवा कुणाचा वशिला लागला, असं दोन्ही बाजूंपैकी कुणी म्हणत नव्हतं. भांडण होतं ते सोडतीत कोण बसणार आणि किती चिठ्ठ्या घेऊन बसणार याचं. म्हाडाच्या घरांची सोडत ज्याने भरली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. नाव यंत्रातून कसं निघतं यावर तिथेही फारसं कुणी भांडत नाही. भांडण असतं उत्पन्न गटाचं, राखीव टक्क्यांचं आणि अधिवासाच्या दाखल्याचं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा विषय संपवला. त्यामुळे सरकारच चिठ्ठ्या टाकून माणसं शिकारीला पाठवतं हे आपल्याला आधी खटकतं. अमेरिकेत मांडणी वेगळी आहे. रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळतं आणि दरवर्षी किती मारायची ते ठरवतं. खर्चही बराचसा शिकाऱ्यांकडूनच निघतो. बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कर आहे, १९३७ च्या कायद्यापासून त्यातला वाटा राज्यांना मिळतो आणि राज्यांची वन्यजीव खाती परवान्यांच्या पैशावर चालतात. हे पटो न पटो, पुढचं सगळं या चौकटीत घडतं. शिकार असावी की नसावी हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवतो. शंभर जनावरं मारायची ठरलीच आणि पाच हजार माणसं दारात उभी राहिली, तर शंभर जण निवडायचे कसे, एवढाच मुद्दा आहे.

जमीन दिल्लीची, हरीण गल्लीचं

ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर कायबाबचं पठार आहे. उंचावर पाइनचं जंगल, खाली झुडपांचा कोरडा मुलूख आणि त्यात म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान असलेलं हे हरीण इथे असं वाढतं की त्याच्या शिंगांसाठी देशभरातले शिकारी जीव टाकतात. राज्याच्या वन्यजीव खात्याने शिकारीसाठी राज्याचे विभाग, म्हणजे युनिटं, आखली आहेत; त्या नकाशावर पठार म्हणजे युनिट १२ए. त्याच्या पश्चिमेला ॲरिझोना स्ट्रिप, म्हणजे युनिट १३ए आणि १३बी. तिथले टॅग, म्हणजे सोडतीत मिळणारे एकेक जनावर मारायचे परवाने, आणखी कमी आणि त्यांची हाव आणखी जास्त.

या हरणांवर राज्य आणि केंद्र यांचं भांडण जुनं आहे. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी इथे शिकार राखीव क्षेत्र जाहीर केलं. हरणं मारायला बंदी झाली आणि त्यांना खाणारे प्यूमा, कोयोटे, लांडगे सरकारी माणसांनी वेचून मारले. हरणं इतकी वाढली की १९२० च्या दशकाच्या मध्यावर हिवाळ्यात ती हजारोंनी उपाशी मेली. डिसेंबर १९२४ मध्ये एक अचाट बेत शिजला. घोडेस्वार आणि घंटा वाजवत चालणारे नवाहो आदिवासी मिळून हरणांचे कळप दरीत उतरवतील, नदी पार करवून दक्षिण काठावर नेतील, असा तो बेत. हरणं हाकाऱ्यांच्या फटींतून उलटी पळाली आणि पलीकडे एकही पोहोचलं नाही. शेवटी केंद्राच्या वनखात्याने जंगल वाचवण्यासाठी हरणं मारायला घेतली, तर राज्याने मारणाऱ्यांनाच अटक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२८ मध्ये निकाल लागला, की आपल्या जमिनीचं रक्षण करायचा केंद्राला अधिकार आहे, राज्याचा शिकार कायदा त्याच्या आड येत नाही.

एल्कची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. एल्क म्हणजे सांबराच्या गोतातलं, पण सांबराहून थोराड जनावर. ॲरिझोनाचा मूळचा एल्क विसाव्या शतकाच्या तोंडाशी नामशेष झाला. आज तिथे जे आहेत त्यांची सुरुवात १९१३ मध्ये यलोस्टोनहून रेल्वेने आणून सोडलेल्या ८३ जनावरांपासून झाली. पहिली शिकार १९३५ साली उघडली. म्हणजे ‘आमचे एल्क’ म्हणणाऱ्या राज्याचे एल्कच मुळात परराज्यातले. अर्थात आणले, पोसले आणि वीस-बावीस वर्षं त्यांच्यावर गोळी न झाडता वाढवले ते ॲरिझोनाकरांनीच.

कार्डावरचा आकडा

सोडत कशी चालते ते थोडं जवळून पाहू, कारण न्याय-अन्याय सगळा त्या तपशिलात आहे.

एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत भरायचा. कोणतं युनिट, कोणता हंगाम, बंदूक की धनुष्यबाण, असे पाच पर्याय क्रमाने द्यायचे. अर्जासाठी वर्षाचा शिकार परवाना आधी घ्यावा लागतो आणि नंबर लागला नाही तरी परवान्याचे पैसे परत मिळत नाहीत. गेली अनेक वर्षं परराज्यातल्यांना हा परवाना १६० डॉलरला आणि अर्ज १५ डॉलरला पडत आला. टॅग लागलाच तर एल्कचे आणखी ६५० डॉलर. ॲरिझोनात राहणाऱ्याला परवाना ३७ डॉलर, अर्ज १३ आणि एल्कचा टॅग १३५.

टॅगची रक्कम अर्जाच्या वेळी घेत नाहीत, नंबर लागला तरच कार्डावरून कापतात. त्यामुळे मार्चमध्ये अधिकृत निकालाच्या आधी काही दिवस शिकाऱ्यांचा एकच उद्योग चालतो: बँकेचं ॲप उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. ज्याच्या बँक खात्यातून वन्यजीव खात्याच्या नावाने मोठी रक्कम गेली, त्याला निकालाआधीच निकाल कळला. पैसे गेले म्हणून आनंदाने ओरडणारी माणसं एरवी कुठे भेटायची!

आतलं गणित असं. दरवर्षी नंबर न लागलेल्याला एक बोनस पॉइंट मिळतो. सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं तर एक कायमचा पॉइंट, सलग पाच वर्षं अर्ज केला तर निष्ठेचा आणखी एक. प्रत्येक शिकारीचे वीस टक्के टॅग आधी सर्वाधिक पॉइंटवाल्यांना देतात. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत सगळे उतरतात, पण सारख्या हाताने नव्हे. प्रत्येकाला त्याच्या पॉइंटांइतके अधिक एक असे आकडे संगणक देतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा त्याचा मानला जातो. चोवीस पॉइंटवाल्याचे पंचवीस आकडे, नव्याचा एक. टॅग लागला की साठवलेले पॉइंट शून्यावर येतात; प्रशिक्षणाचा आणि निष्ठेचा तेवढे टिकतात.

खटला

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कायबाबच्या हरणांचे आणि चांगल्या युनिटांतल्या एल्कचे टॅग बाहेरचे लोक मोठ्या संख्येने नेतात, अशी ओरड ॲरिझोनात होती. राज्यपालांनी नेमलेल्या पाच जणांच्या आयोगाने दहा टक्क्यांची मर्यादा घातली. शिंगं नसलेल्या एल्क माद्यांना ती नव्हती. मर्यादा होती ती फक्त ज्यांच्यासाठी माणूस हजार मैल गाडी चालवत येईल त्याच जनावरांना. फिर्यादींनी नेमकं हेच धरलं.

फिर्यादी न्यू मेक्सिकोतले व्यावसायिक शिकारी आणि वाटाडे होते. ते सहानुभूती मिळवणारे नव्हते. दुरून आलेला, आयुष्यभर वाट पाहिलेला साधा शिकारी फिर्यादी असता तर लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. पण साधा शिकारी न्यायालयात हरला असता, कारण त्याचा दावा १९७८ सालीच निकालात निघाला होता. मोंटाना राज्य एल्कसह इतर शिकारीच्या एकत्र परवान्याला परराज्यातल्यांकडून २२५ डॉलर घ्यायचं आणि स्थानिकाला नुसता एल्कचा परवाना ९ डॉलरला द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते चालवून घेतलं. एल्कची शिकार ही हौस आहे, पोटापाण्याचा हक्क नव्हे. राज्याराज्यांच्या एकीला तिच्यामुळे धक्का लागत नाही, असा त्या निकालाचा रोख.

म्हणून फिर्यादींनी हौसेचं नावच काढलं नाही. ते म्हणाले, हा आमचा धंदा आहे. ॲरिझोनाच्या कायद्याने मारलेल्या जनावराची शिंगं, कातडी असे न खाण्याजोगे भाग विकता येतात. म्हणजे टॅग ही मालाची वाट झाली, आणि राज्यांमधल्या व्यापारात बाहेरच्याला अडवण्याची मुभा राज्यघटना राज्यांना देत नाही. मोंटानाच्या खटल्यात व्यापाराच्या कलमाचा विचारच झाला नव्हता, त्यामुळे ही वाट मोकळी होती.

ॲरिझोनासह पश्चिमेकडच्या राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये हे मान्य केलं. बाहेरून येणारे शिकारी, त्यांचे वाटाडे, मुक्काम, शिंगांची विक्री हा सगळा आंतरराज्य व्यापारच आहे, असं न्यायालय म्हणालं. जनावरं टिकवणं आणि आपल्या नागरिकांना शिकारीची संधी राखणं हे राज्याचे हेतू रास्तही ठरवले. पण हेतू रास्त असून भागत नाही. दुसऱ्या कोणत्याच भेदभाव न करणाऱ्या मार्गाने ते साधत नाहीत, हे राज्याने दाखवायचं होतं. त्यासाठी प्रकरण खाली परत गेलं आणि तिथे राज्य हरलं.

जनावरं टिकवण्याचा मुद्दा मला पहिल्यापासून लंगडा वाटतो. टॅग शंभर असतील तर मरणारी जनावरं जास्तीत जास्त शंभरच. गोळी ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या माणसाने झाडली की न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या, कळपाला काय फरक? संधी राखण्याचा मुद्दा मात्र खरा होता आणि राज्याने सगळा भार त्यावरच टाकायला हवा होता.

संसद मध्ये पडते

पश्चिमेकडच्या प्रत्येक राज्यात स्थानिकांसाठी काही ना काही राखून ठेवलेलं आहे. ॲरिझोनाची मर्यादा पडली तर उद्या सगळ्यांचीच पडेल हे उघड होतं. खुद्द फिर्यादींचं न्यू मेक्सिको आज ८४ टक्के टॅग स्थानिकांना देतं. दहा टक्के वाटाड्याशी करार केलेल्या अर्जदारांना आणि सहा टक्के वाटाड्याविना येणाऱ्या परराज्यातल्यांना. वाटाड्यांचा धंदा टक्केवारीत कोरून ठेवणारं राज्य शेजारीच असताना वाटाड्यांनी ॲरिझोनाला समतेचा धडा शिकवायला जावं, यात थोडी गंमत आहेच.

नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी तरतूद आणली आणि ती मे २००५ मध्ये कायदा झाली. स्वतंत्र विधेयक म्हणून नाही. इराक-अफगाणिस्तान युद्धाचा खर्च आणि हिंदी महासागरातल्या त्सुनामीची मदत यांसाठीच्या तातडीच्या खर्चाच्या कायद्यात ती एक तरतूद म्हणून गेली. विमानतळावर ज्या रिअल आयडी ओळखपत्राच्या अटीने अमेरिकेतल्या मराठी मंडळींना गेली काही वर्षं रांगेत उभं केलं, ती अटही याच कायद्यातली. तरतूद छोटीशी आहे: स्थानिक आणि परराज्यातले यांच्यात फरक करून शिकार-मासेमारीचे नियम करणं राज्यांनी चालू ठेवावं, ते लोकहिताचं आहे, आणि संसद गप्प आहे म्हणून व्यापाराचं कलम त्यांच्या आड येतं असं कुणी समजू नये. व्यापाराच्या कलमातली मनाई संसदेच्या मौनातून काढलेली असते. संसदच बोलली म्हटल्यावर खटल्याचा पायाच गेला.

कायद्याच्या दृष्टीने हे चोख आहे. न्यायाच्या दृष्टीने पाहिलं तर दहा टक्के योग्य की अयोग्य यावर कुणी बोललंच नाही. न्यायालय म्हणालं, सिद्ध करा. संसद म्हणाली, सिद्ध करायची गरज नाही. दहाच का, पंधरा का नाहीत, पाच का नाहीत, या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

परराज्यातल्यांची बाजू दुबळी नाही. कायबाबचं जंगल राष्ट्रीय जंगल आहे, स्ट्रिपची बरीचशी जमीन केंद्राच्या भूमी खात्याची आहे, आणि ओहायोतला माणूस तिच्यासाठी कर भरतोच. शिवाय काडतुसांवरच्या कराचा वाटा राज्यांना निम्मा क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर मिळतो. म्हणजे ओहायोकराने नुसतं सोडतीत नाव टाकायला १६० डॉलरचा परवाना घेतला, की ॲरिझोनाच्या परवानाधारकांत एक डोकं वाढलं. वीस वर्षं त्याचा नंबर लागला नाही तर परवाना आणि अर्ज मिळून ३,५०० डॉलर गेले आणि हाती पॉइंट.

स्थानिकांचा दावा तरीही मला अधिक वजनदार वाटतो. एल्क गवत खातात ते ॲरिझोनातल्या गुरांच्या वाट्याचं. रात्री रस्त्यावर आडवा आलेला एल्क गाडी चेपतो ती तिथल्या माणसाची. आणि खात्याने चूक केली तर मतपेटीतून त्याला जाब विचारू शकतो तोही तिथलाच. त्यामुळे राखीव हिस्सा असावा. पण दार दहा टक्क्यांवर अडवून त्याच वेळी दाराबाहेरच्या गर्दीकडून चौपट परवाना शुल्क वर्षानुवर्षं घेत राहायचं, यात खात्याचा लोभ दिसतो. जागा दहाच आहेत तर पैसे दहांकडूनच घ्या.

पॉइंटांची रांग

इथवरचं भांडण आत-बाहेरचं. खरी मेख मला दुसरीकडे दिसते आणि तिच्यावर कुणी खटला भरला नाही.

पॉइंटांची कल्पना कानाला न्याय्य वाटते. ज्याने जास्त वाट पाहिली त्याला जास्त संधी. पण मोजून पाहा. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. शंभर टॅग, पाच हजार अर्जदार. निव्वळ चिठ्ठी असती तर प्रत्येकाला पन्नासात एक संधी. आता ॲरिझोनाची पद्धत लावा. वीस टॅग वरच्यांना गेले, उरले ऐंशी. पाच हजारांकडे सरासरी आठ-आठ आकडे आहेत असं धरलं, तर पिंपात चाळीस हजार आकडे झाले. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीचा त्यात एक. तिची संधी पाचशेत एक, म्हणजे निव्वळ चिठ्ठीच्या दहापट वाईट. चोवीस पॉइंटवाल्याची सुमारे वीसात एक, शिवाय पहिल्या फेरीची संधी वेगळी.

बरं, ती मुलगी वाट पाहील आणि तिचेही पॉइंट वाढतील म्हणावं, तर सोबत सगळ्यांचेच वाढतात. तिच्याकडे दहा होतील तेव्हा सरासरीही वर सरकलेली असेल. आणि पहिल्या फेरीत ती कधी पोहोचणार? वर दोन हजार माणसं कमाल पॉइंटांवर बसली असतील आणि वर्षाला वीसच सुटत असतील, तर ती रांग संपायला शंभर वर्षं लागतील. रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला ‘तुझाही नंबर येईल’ असं सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. चिठ्ठीत ती फसवणूक नसते, कारण चिठ्ठी काही आश्वासनच देत नाही.

निव्वळ प्राधान्याच्या रांगेत तर हे आणखी भीषण होतं. वर्षाला पन्नास टॅग आणि हजार नवे अर्जदार असले तर दरवर्षी साडेनऊशे माणसं उरतात. वीस वर्षांत एकोणीस हजार. ती संपायला ३८० वर्षं, तीही नवा माणूस एकही आला नाही तर. कोलोरॅडोच्या उत्तम युनिटांमध्ये अशीच रांग लागून राहिली आहे. नेवाडाने उलट टोक गाठलं. तिथे पॉइंटांचा वर्ग करून आकडे देतात, दहा पॉइंटवाल्याला शंभर अधिक एक. जुन्यांची सरशी तिथे आणखी वेगाने होते, फक्त नव्याचा दरवाजा किलकिला राहतो.

ॲरिझोनात पॉइंट आणि दहा टक्के या दोन नियमांची गाठ पडली तेव्हा तर एक नमुनाच तयार झाला. शंभर टॅगांपैकी वीस पहिल्या फेरीत. परराज्यातल्यांची मर्यादा दहा. कमाल पॉइंटवाल्यांत परराज्यातले निम्मे असले तर त्या वीसातले दहा तेच नेणार आणि मर्यादा तिथेच भरणार. दुसऱ्या फेरीत परराज्यातल्या कुणालाही, कितीही पॉइंट असोत, शून्य संधी. तरी अर्ज घेतले जात होते, परवाने विकले जात होते. पुढे आयोगाने परराज्यातल्यांच्या हिश्शाचा निम्माच भाग पहिल्या फेरीत जाईल असा नियम केला, तेव्हा उरलेल्या पाचांसाठी तरी चिठ्ठी खरी झाली. वर्षानुवर्षं शून्य संधीची तिकिटं विकली गेली याबद्दल कुणी आरडाओरडा केला नाही, कारण गणित कुणी उलगडून पाहिलंच नसावं. दोन नियम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या तक्रारींवर केले गेले. दोन्ही एकेकटे बरे दिसत होते.

बाजूचे दरवाजेही आहेत. टॅग लागल्यावर आजी-आजोबा किंवा आई-वडील तो घरातल्या दहा ते सतरा वर्षांच्या मुलाच्या नावे करू शकतात. हेतू गोड आहे, पोरं बापजाद्यांबरोबर रानात जावीत. पण त्यामुळे ज्यांना स्वतः शिकारीला जायचं नाही अशा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावे पॉइंट साठवायला वाव मिळतो. ज्या मुलाचे आजोबा शिकारी होते त्याला चोवीस पॉइंटांचं हरीण, ज्याचे आजोबा मेक्सिकोतून किंवा मिरजेतून आले त्याला पाचशेत एक. आणखी एक सोय आहे: अर्जासोबत पाच डॉलर जादा भरले, तर पुढे टॅग परत केला तरी पॉइंट शाबूत राहतात. आजारपण आलं तर बिचाऱ्याचं नुकसान नको म्हणून केलेली. पण तिच्यामुळे वरच्या पायरीवरून उतरलेला माणूस पुन्हा वर चढून बसतो.

शिवाय लिलाव. कायद्याने दरवर्षी प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त तीन विशेष टॅग संस्थांना दिले जातात. त्या ते लिलावात किंवा सोडतीच्या तिकिटांवर विकतात आणि पैसा त्या जातीच्या संवर्धनाला जातो. हा टॅग वर्षभर आणि जवळजवळ राज्यभर चालतो. मोठ्या हरणासाठी बोली काही लाख डॉलरपर्यंत जाते. तीनच टॅग आहेत, पैसा पाणवठ्यांना आणि कुरणांना लागतो, तेवढं मी चालवून घेईन. २०१२ मध्ये विधिमंडळात एका विधेयकाने लिलावासाठी तीनशेहून अधिक टॅग मागितले, तेव्हा सामान्य शिकाऱ्यांनी असा गदारोळ केला की ते मागे पडलं. पैसेवाला पुढे गेलेला लोकांना लगेच दिसतो. म्हातारा पुढे गेलेला दिसत नाही, कारण म्हाताऱ्याने वाट पाहिलेली असते आणि वाट पाहण्याला आपण पुण्य मानतो.

मग काय करायचं

शेजारीच दोन नमुने आहेत. न्यू मेक्सिकोत आणि आयडाहोत पॉइंट नाहीत. दरवर्षी पाटी कोरी. आयडाहोने गर्दी कमी करायला वेगळी युक्ती केली. मूस, रानमेंढा किंवा डोंगरी बकरा यांच्या सोडतीत नाव टाकलं तर त्या वर्षी हरीण आणि एल्कच्या सोडतीत टाकता येत नाही. काय हवं ते निवडा. सगळ्याच पिंपांत नाव टाकून बसणारे त्यामुळे आपोआप विरळ होतात. न्यू मेक्सिको टॅगची पूर्ण रक्कम आधी घेतं आणि नंबर न लागल्यास परत करतं. त्यानेही गर्दी घटते, पण ज्याच्या खिशात काही महिने अडकवायला पैसे नाहीत तोच आधी गळतो. मला आयडाहोची युक्ती जास्त आवडते, कारण तिच्यात मोजावी लागते ती इच्छा, पैसा नव्हे.

ॲरिझोनाने उद्या सकाळी पॉइंट पुसून टाकावेत, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याने १९९० च्या दशकापासून दरवर्षी परवाना घेतला त्याला राज्याने शब्द दिला होता. शब्द लेखी नसेल, पण पैसे घेऊन दिलेला होता. त्याची तोड टप्प्याटप्प्यानेच निघेल. नवे पॉइंट देणं आज थांबवा. पहिल्या फेरीचे वीस टक्के दरवर्षी दोन-दोनने कमी करत न्या. दहा वर्षांत ती फेरी संपेल, तोवर वरचे काही जण सुटतील. दुसऱ्या फेरीतले जादा आकडेही त्याच वेगाने उतरवा आणि ज्याला नर एल्क लागला त्याला पुढची काही वर्षं अर्ज बंद ठेवा. त्याने वाटप पसरतं, रांग मात्र तयार होत नाही. दहा टक्के राहू देत, पण परराज्यातल्याकडून परवान्याचे १६० डॉलर नंबर लागल्यावरच घ्या.

या शेवटच्या सूचनेला खातं कडाडून विरोध करेल हे मला ठाऊक आहे. नंबर न लागणाऱ्यांच्या परवान्यांवर त्याचं अंदाजपत्रक उभं आहे, आणि परवाने घटले तर केंद्राच्या करातला वाटाही घटतो. ते भोक भरायला टॅगची किंमत वाढवावी लागेल, स्थानिकांच्या टॅगचीही. १३५ डॉलरचा एल्क दोनशेच्या पुढे गेला तर दहा टक्क्यांसाठी भांडलेले ॲरिझोनाकर काय म्हणतील, ते आयोगाच्या पुढच्या जाहीर सुनावणीत ऐकायला मला आवडेल.